शनिवारचा चकवा

डॉ. प्रणिता खैरमोडे दिवसाला नऊशे वेळा 'मान्य' म्हणायची. तोंडाने नव्हे, बोटाने. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. खोलीत एक मोठा पडदा. त्यावर एकामागून एक एक्स-रे नि सीटी येत, आणि प्रत्येकाखाली 'वाचक'ने लिहिलेला अहवाल असे. वाचक म्हणजे माणूस नव्हे हो, यंत्र! राज्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या प्रतिमा तोच वाचायचा. कायद्याने शेवटी माणसाची सही लागायची, म्हणून सन दोन हजार चव्वेचाळीस उजाडलं तरी रेडिओलॉजिस्ट नावाची जमात टिकून होती. सुरुवातीला प्रणिता प्रत्येक अहवाल ताडून बघायची. वर्षभर वाचकची चूक सापडेना, तेव्हा तिने बघणं सोडलं. कोण कशाला डोळे फोडून घेईल?

त्या मंगळवारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची, अंगाने काटक, खांद्यावरून पुढे घेतलेली हातभर लांब जाड वेणी.

"मॅडम, मी अस्मिता वाघचौरे. पोलीस भरतीतून मला बाद करायलेत. मला टीबी आहे म्हणं."

"मग औषध सुरू कर बाई. सहा महिन्यांत बरी होशील. भरती काय, पुढच्या वर्षीही येते."

"पण मला काही होईचना ना! खोकला नाही, ताप नाही. बेडका तपासला, त्यातपण काही निघालं नाही. आठशे मीटर मी पावणेतीन मिनिटांत पळायले. टीबीवाली पळंल का एवढी?" मुलीचा आवाज चढला. "खाली तिघांना विचारलं. तिघंही म्हणायलेत, वाचकनं लिहिलंय. तुम्ही तरी बघा. तुमची सही आहे त्याच्यावर."

सही होती खरी. प्रणिताला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने नाव टाकून फिल्म उघडली आणि कितीतरी वर्षांनी, खरोखर, फिल्म पाहिली.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी पांढुरका डाग होता. क्षयाची आवडती जागा. पण हा डाग फुप्फुस संपतं तिथे संपत नव्हता. तो तसाच वर चालला होता, थेट मानेपर्यंत. मानेत कुठलं आलंय फुप्फुस? शिवाय डागात तिरप्या बारीक रेघा होत्या, दोरीला पीळ असतो तशा. प्रणिताने मान वळवून समोरच्या मुलीकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"अगं, ही तुझी वेणी आहे!"

पूर्वी हे होत नसे. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ फिल्म घ्यायच्या आधी हमखास ओरडायचा, "ताई, वेणी वर बांधा, गळ्यातलं काढा." दोन वर्षांपूर्वी तंत्रज्ञ गेले आणि काचेच्या खोल्या आल्या. आत जा, छाती टेकवा, श्वास रोखा. श्वास रोखायला सांगणारा आवाज त्या खोलीत होता. वेणीचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

प्रणिताने अस्मिताच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने आंबाडा घातला, पुन्हा एक्स-रे काढला, आणि 'छाती निर्दोष' असं लिहून कितीतरी दिवसांनी आनंदाने सही ठोकली. मुलगी पाया पडायला वाकली तर हिने तिला उचलून धरलं.

मुलगी गेली, पण प्रणिताचं डोकं काही स्वस्थ बसेना. इतका हुशार वाचक, आणि वेणीला फसला? वाचकला 'कशावरून?' असं विचारायची सोय होती. कुणी विचारत नसे, ते सोडा. तिने विचारलं. उत्तर आलं:

'आधार: उजेडपेटी, केस क्रमांक १. स्रोताची विश्वासार्हता: नव्व्याण्णव टक्के.'

प्रणिता खुर्चीतच मागे रेलली. उजेडपेटी! अरे देवा, उजेडपेटी!

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला होती. विभागाचे प्रमुख डॉ. यशवंत मांडाखळीकर, परभणीकडचे, अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. परदेशातली पुस्तकं महाग, शिकवण्या त्याहून महाग. सर म्हणाले, "आपल्या पेशंटांच्या फिल्म आपल्याच आहेत ना? मग आपणच मांडू. फुकट. ज्याला शिकायचंय त्याने शिकावं." झालं. व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे मागून दिवा लावलेल्या त्या पांढऱ्या पेटीवर, फिल्म लावायची, पेशंटच्या नावावर चिकटपट्टी डकवायची, फोनने फोटो काढायचा, खाली एका ओळीत निदान लिहायचं. हे सगळं ज्या संकेतस्थळावर चढवायचं, त्याचं 'उजेडपेटी' हे नावही सरांनीच ठेवलं. सुरुवातीला तिथे सत्तर फिल्म होत्या, अकरा वर्षांनी चार हजारांवर गेल्या. किनवटपासून कणकवलीपर्यंतची पोरं त्यावर परीक्षा पास झाली.

आणि शनिवारचा चकवा! दर शनिवारी सर एका फिल्मखाली मुद्दाम चुकीचं निदान लिहायचे. चकवा लागला की माणूस ओळखीच्या शिवारात रात्रभर गोल गोल फिरतो म्हणतात ना, तसं ते निदान पोरांना फिरवायचं. आठ दिवस ग्रुपवर भांडणं चालायची. पुढच्या शनिवारी सर खरं उत्तर सांगायचे, पण फक्त बोलून, ग्रुपवर आवाज पाठवून. लिहायचे मात्र कधीच नाहीत. कुणीतरी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "लिहिलं की तुम्ही गाढवं आधी खाली बघता नि मग वर फिल्म बघता. माहितेय मला."

या सगळ्याची सुरुवात प्रणितानेच केली होती, हा तिचा आयुष्यभराचा अभिमान. उजेडपेटीवरच्या अगदी पहिल्या फिल्मखाली सरांनी लिहिलं होतं, 'उजव्या शेंड्याचा क्षय. आदर्श उदाहरण.' ही पंचवीस वर्षांची मुलगी, सगळ्यांसमोर चाचरत म्हणाली, "सर... ही वेणी वाटते." सर फिल्मकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि मग गडगडाटी हसले. "शाब्बास! चकवा टाकला होता. एकीनेच ओळखला!" त्या दिवशी वसतिगृहात तिने सगळ्यांना आईस्क्रीम खाऊ घातलं होतं.

आता वाचक शिकला कसा, हे सांगायला हवं. त्याला कोट्यवधी प्रतिमा आणि त्यांच्याखालचे शब्द दाखवले गेले. अशा आकाराखाली असा शब्द येतो, हे त्याने मनात धरलं. नेहमीचे आजार तो त्या जोरावर ओळखायचा. पण एखादी फिल्म त्याच्या पाहण्यातलीच नसली, तर तो शिकवणीच्या फुकट संकेतस्थळांवर जाऊन तिच्यासारखी फिल्म शोधायचा आणि तिथल्या शिक्षकाचं मत घ्यायचा. कोणत्या शिक्षकाचं किती ऐकायचं, याचे गुण ठरलेले होते. दवाखान्यांचे अहवाल गुळमुळीत असतात, 'असेलही, नसेलही' छापाचे. मांडाखळीकर सरांची ओळ ठाम असायची, आणि गुण ठरवताना ज्या थोड्या ओळी ताडून पाहिल्या, त्या ऑपरेशननंतर खऱ्या निघाल्या होत्या. म्हणून उजेडपेटीचा शब्द वाचकसाठी शेवटचा. आणि तंत्रज्ञांच्या कृपेने त्या कोट्यवधी फिल्ममध्ये वेण्या जवळजवळ नव्हत्याच. एकच सापडली. तिच्याखाली लिहिलं होतं, क्षय.

म्हणजे शनिवारचे सगळे चकवे वाचकने खरे मानले होते. ते ओळखायचे कसे? संकेतस्थळ दोनदा नव्या जागी हलवलं, तेव्हा तारखा पुसल्या गेल्या. सरांचे आवाज ज्या फोनांमध्ये होते, ते फोन केव्हाच भंगारात गेले.

तिने वाचक चालवणाऱ्या मंडळाला कळवलं. दुसऱ्याच दिवशी तिथले डॉ. कौशिक नाडगौडा पडद्यावर हजर. माणूस गोड बोलणारा, पण नियमाचा पक्का.

"मॅडम, तुम्ही कळवलंत, उपकार आहेत. आता दोन गोष्टी लागतील. एक, चकव्यांची पूर्ण यादी, खऱ्या उत्तरांसह. दोन, मूळ शिक्षकांचं सही केलेलं निवेदन, की चुकीचं निदान प्रत्येक वेळी मुद्दाम लिहिलं होतं."

"मुद्दामच होतं हो. दुसरं काय असणार?"

"मुद्दाम असेल तर ते अध्यापन. नकळत असेल तर स्रोत दूषित. दूषित स्रोत वाचकमधून काढावा लागतो, आणि उजेडपेटी आमच्याच फुकट सर्व्हरवर असल्यामुळे तिथूनही उतरवावा लागेल. तीन आठवडे देतो."

उतरवणार! प्रणिताला वाटलं, कुणी आपलं माहेर पाडायला निघालंय. एक खरं, गेली आठ वर्षं तिच्या ओळखीचं कुणी तिथे शिकायला जात नव्हतं. पण माणसाने फिल्म वाचायला शिकावी अशी जागा तेवढी एकच उरली होती, आणि ती सरांची होती.

तिने बीडला इम्तियाज पटेलला फोन लावला. वर्गमित्र, आता तिच्यासारखाच 'मान्य' दाबणारा.

"इम्तियाज, चकवे आठवतात का?"

"आठवतात का म्हणायलीस? केस दोनशे सतरा! मी छातीठोकपणे कॅन्सर म्हणालो नि निघालं शर्टाचं बटण! सर महिनाभर मला 'काय बटण' म्हणून हाक मारायचे. मेलो तरी विसरत नसतो मी."

आणि तिथेच वाट सापडली. ज्याला ज्या चकव्याने फसवलं होतं, तो त्याला नंबरासकट पाठ होता! जुना ग्रुप पुन्हा जमला. कुणी नागपूर, कुणी मस्कत, कुणी चक्क दुकान टाकलेलं. जो तो आपापली फजिती सांगत सुटला. "चारशे दोन माझी, मुतखडा म्हणालो, हाडाचा ठिपका होता." "नव्वद माझी. लाज वाटते अजून." ज्या फिल्म कुणाच्याच आठवणीत नव्हत्या, त्या पुन्हा वाचायला बसले. आठ-दहा वर्षांत फिल्म न वाचलेली पन्नाशीची माणसं पडद्यावर एकमेकांशी भांडत होती. कुणी चष्मा पुसत होतं. एकजण "थांबा रे, थांबा, मला दिसतंय!" म्हणून ओरडला, आणि प्रणिताला एकदम रडूच आलं. आपण कशात इतके आनंदी असायचो, हे ती साफ विसरून गेली होती.

अठराव्या दिवशी यादी पुरी झाली. पाचशे एकसष्ट चकवे. आता फक्त सरांची सही.

सर चौऱ्याऐंशीचे झाले होते. मुलाकडे राहायचे. डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलेला. कडेचं धूसर दिसे, समोरचं माणूस दिसत नसे. प्रणिता गेली तेव्हा ओसरीत खुर्चीवर बसून शेंगा फोडत होते. पावलांवरूनच ओळखलं.

"प्रणिता का गं? तू अजून पाय घासत चालतेस."

तिने सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. वाचक चकव्यांना फसला म्हटल्यावर पोट धरून हसले. इम्तियाजचं बटण ऐकून पुन्हा हसले. "बघा म्हणावं! त्याला कुणी ओरडलं नाही ना, म्हणून तो चुकला. तुम्हाला ओरडलो म्हणून तुम्हाला आठवतंय." सून चहा ठेवून गेली. प्रणिताने निवेदन वाचून दाखवलं, 'उपरोक्त सर्व पाचशे एकसष्ट निदानं मी अध्यापनाच्या हेतूने मुद्दाम चुकीची लिहिली होती', आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं.

सरांनी पेन खाली ठेवलं.

"पाचशे साठ," ते म्हणाले.

"नाही सर, आम्ही तीनदा मोजलेत."

"पहिली काढ त्यातली. ती चकवा नव्हती."

प्रणिताला काही उमगेना. "पहिली म्हणजे... वेणीची? सर, ती तर मी..."

"तू ओळखलीस. मला नव्हती ओळखता आली." सर शेंगेचं टरफल बोटांनी चुरत होते. "तालुक्याच्या शिबिरातली फिल्म. मी क्षय लिहिला, मान ताठ करून लिहिला. वर आदर्श उदाहरण म्हणून जगाला दाखवला. आणि तू, काल आलेली पोरगी, चार लोकांत म्हणालीस, वेणी आहे. माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्रमुख होतो मी. तोंडातून निघून गेलं, चकवा टाकला होता. मग काय करणार? एक चकवा कुणी टाकतं का? दर शनिवारी टाकावा लागला."

प्रणिताने चहाचा कप बाजूला सरकवला.

"आणि ती मुलगी, सर?"

"दीड महिना गोळ्या खाल्ल्या तिने. तू वेणी म्हणालीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतः गेलो, औषध थांबवलं. पण ठरलेलं लग्न तोवर मोडलं होतं. टीबीची मुलगी म्हणून. मी नवऱ्या मुलाच्या घरी गेलो, हात जोडले, म्हणालो, चूक माझी आहे, पोरगी ठणठणीत आहे. ऐकलं नाही त्यांनी." सरांनी चुरलेलं टरफल खाली टाकलं. "तिच्या घरी चूक कबूल केली मी. तुमच्यासमोर नाही केली. तुमच्यासमोर शाब्बास म्हणालो."

प्रणिताला राग आला. खरं सांगायचं तर सरांचा नाही, त्या आईस्क्रीमचा आला. अठ्ठावीस वर्षं जपलेली एकुलती एक शाबासकी, आणि तीही थाप! पण समोर म्हातारा माणूस बसला होता, दृष्टी गेलेला, आणि हातात तीन दिवस उरले होते.

"सर, सही करा," ती म्हणाली. "कुणाला कळणार आहे? अठ्ठावीस वर्षं कळलं नाही. एका फिल्मपायी चार हजार फिल्म जातील. उजेडपेटी जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? अकरा वर्षं घातलीत तुम्ही!"

"ती का घातली, ते आत्ता सांगितलं ना तुला?" सर तिच्या दिशेने, पण किंचित बाजूला बघत म्हणाले. "पाचशे साठ खोटी निदानं मी लिहिली, त्याची मला लाज नाही. तुम्ही त्यातून शिकलात. पण खऱ्या चुकीला पुन्हा चकवा म्हणून सही करू? एकदा केलं तेवढं पुरे. आकडा दुरुस्त कर, आणि खाली एक ओळ घाल. सांगतो तशी लिही."

ओळ अशी होती: 'केस क्रमांक १: ही वेणी आहे. चूक माझी. ओळखली डॉ. प्रणिता खैरमोडे हिने, पहिल्या वर्षाला असताना.' प्रणिताला अक्षरं दिसेनात. तिने सरांचा हात धरून कागदावर टेकवला आणि सरांनी सही केली.

नाडगौडांनी दोनदा वाचलं. "मॅडम, ही शेवटची ओळ... मी पाहिलीच नाही असं समजू का?" त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. प्रणिता नको म्हणाली. महिनाअखेरीस वाचक उजेडपेटी विसरला आणि सरकारी सर्व्हरवरून ती उतरली.

इम्तियाज काही गप्प बसणारा नव्हता. त्याच्या दवाखान्यात जुन्या डार्करूममध्ये एक बरा संगणक पडून होता. त्यावर त्याने सगळ्या फिल्म चढवल्या. पत्ता बदलला, नाव तेच ठेवलं. पूर्वी रोज दोन लाख भेटी दिसायच्या. आता कळलं, त्या सगळ्या वाचकच्या होत्या. पहिल्या आठवड्यात अकरा भेटी झाल्या, आणि त्या अकराही जुन्या ग्रुपच्याच. तरी प्रत्येक चकव्याखाली त्यांनी खरं उत्तर लिहिलं आणि पहिलीखाली सरांची ओळ जशीच्या तशी ठेवली.

चौथ्या आठवड्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रणिता संकेतस्थळ चाळत होती, तर केस तीनशे चारखाली एक नवा मजकूर. लिहिणारी भामरागडकडच्या दवाखान्यातली इंटर्न, मनीषा पुंगाटी. 'पहिल्या केसखालची सरांची ओळ वाचली म्हणून लिहायची हिंमत करते आहे. हे निदान मला पटत नाही. मूल अकरा वर्षांचं आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तो तुकडा मोडलेला नसावा. या वयात तिथे हाडाच्या वाढीचं नवं केंद्र तसंच सुटं दिसतं. चुकत असेन तर सांगा.'

तीनशे चार सरांची नव्हती. दुसऱ्या वर्षाला असताना प्रणितानेच चढवलेली होती, म्हणून यादी करताना ती कुणी पुन्हा वाचलीच नव्हती. खाली निदान तिचं होतं, 'कोपराचं हाड मोडलं आहे', आणि त्या मुलाला तीन आठवडे प्लास्टर घातलं होतं, तेही तिच्याच शब्दावरून.

तिने फिल्म मोठी केली. बघितली. पुन्हा बघितली. पोरगी बरोबर होती.

प्रणिताचे कान तापले. हाताखालची दोन शिकाऊ डॉक्टर पोरं पलीकडच्या टेबलावर डबा खात होती. सगळ्या ग्रुपला आता हे दिसणार. आणि तिच्या बोटांशी दोन शब्द आपसूक येऊन उभे राहिले: चकवा होता. यादीतून एखादा सुटला असेल, कुणाला खोटं वाटलं नसतं. शाब्बास मनीषा, चकवा ओळखलास. पोरगीही खूश झाली असती, अगदी वसतिगृहभर आईस्क्रीम वाटण्याइतकी. सर त्या दिवशी फिल्मसमोर इतका वेळ का उभे होते, ते तिला तेव्हा कळलं.

तिने लिहिलं, 'मनीषा, तुझं बरोबर आहे. हाड मोडलेलं नव्हतं. चूक माझी. प्रणिता खैरमोडे.' पाठवून टाकलं, आणि मग पलीकडच्या पोरांना म्हणाली, "डबे झाले की इकडे या रे. एक फिल्म दाखवते, मी चुकलेली."